आमच्याकडे मोटर नाही

घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्यावर मराठीत सगळ्यात आधी टाइप केली ती एक नोटीस. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. खांदा कॉलनीतली तीन मजली बिल्डिंग, एका मजल्यावर चार घरं, वर गच्चीवर सामायिक टाकी नाही. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी साडेपाचपासून पाऊण तास नळाला जे येईल ते पाणी. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहून एकेक शब्द सांगत होते आणि मी कीबोर्डवर अक्षरं शोधत होते. सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नळाला थेट मोटर लावून पाणी खेचू नये. मोटर आढळल्यास ती जप्त करून नळजोडणी तोडण्यात येईल. मी इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे एवढ्या दोन वाक्यांना अर्धा तास लागला. बाबांनी प्रिंट हातात घेऊन, लांब धरून वाचली आणि म्हणाले, ‘बरं दिसतंय. कडक वाटतंय.’

नोटीस खाली जिन्यात लागली. आमची स्वतःची मोटर तेव्हा बाथरूममध्ये होती, उलट्या टबाखाली.

ती बाबांनीच एका रविवारी दार लावून बसवली होती. आवाज फरशीत जाऊ नये म्हणून खाली जुन्या चादरीची घडी आणि त्यावर पोळपाटाएवढी फळी. पाणी माळ्यावरच्या आमच्या स्वतःच्या टाकीत चढायचं. पाणी यायच्या वेळी आई आधी हॉलमधल्या टीव्हीचा आवाज वाढवायची, मग टब उचलून बटण दाबायची. पाच मिनिटं चालवायची, बंद करायची, जिन्यात कोणी आहे का कानोसा घ्यायची, पुन्हा चालू करायची. बाहेरचं कोणी घरात बसलेलं असेल तर मोटर नाही. त्या दिवशी पाणी जेवढं येईल तेवढं. हे नियम कोणी मला शिकवले नाहीत. चप्पल कुठे काढायची हे जसं न शिकवता कळतं, तसं ते मला कळलं होतं.

वरच्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर, एक काकू एकट्या राहायच्या. उन्हाळ्यात त्या रिकामी बादली घेऊन खालच्या नळावर जायच्या आणि जिन्यात मी दिसले की विचारायच्या, ‘तुमच्याकडे आलं का गं पाणी?’ मी मान खाली घालून म्हणायचे, ‘नाही हो काकू, थेंबभर.’ त्या लगेच मानायच्या. कमी बोलणाऱ्या मुलीवर लोक फार सहज विश्वास ठेवतात. मला ते लहानपणीच समजलं होतं आणि मी त्याचा फायदा घेत होते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी त्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवलं. शिकवण्या घेऊन घेतलेलं, जुनं, कोणाच्या तरी मशीनमधून काढलेलं. कॅबिनेटचं दार उघडून, स्क्रू वाटीत ठेवून, चित्रात दाखवलं होतं तसं कार्ड खाचेत दाबलं तेव्हा ‘टक्’ असा आवाज आला. त्या आवाजाइतकं समाधान मला त्याआधी कशानेच दिलं नव्हतं. हाताने केलेलं आणि कोणाला न विचारता केलेलं असं माझं ते पहिलंच काम.

मग मी तो गेम टाकला. बर्फाचे डोंगर, पडके किल्ले, पाठीवर धनुष्य. लढाया मी शक्यतो टाळायचे. मी नुसती चालायचे. कॉलेजात माझं दिवसभर कोणाशी बोलणं व्हायचं नाही आणि घरी व्हायचं ते बोलणं नव्हे. डोंगरात कोणी मला काही विचारत नव्हतं. साडेचारला घरी येऊन, चहा पिऊन, पाचला मी खुर्चीत बसायचे. बाबा सातला यायचे. ते दोन तास माझे होते.

आणि त्याच दोन तासांत कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

अगदी बंद नव्हे. चालता चालता स्क्रीन काळी व्हायची. आवाज अडकायचा, वाऱ्याचा तोच तुकडा भुंग्यासारखा घुमत राहायचा. मग स्क्रीन परत यायची, गेम गेलेला असायचा, आणि कोपऱ्यात छोटीशी चौकट: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो पूर्ववत झाला आहे. मला त्या वाक्याचा राग यायचा. एखादा माणूस तोंडावर दार आपटून आत जातो आणि दोन मिनिटांनी हसत बाहेर येतो, तसं ते होतं.

मी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढून नवा टाकला. मग नवा काढून त्याच्याही आधीचा जुना टाकला. कार्ड उपसून त्याची सोनेरी कड खोडरबराने पुसली. कॅबिनेटचं दार काढून समोर टेबलफॅन लावला. गेममधलं सगळं कमी केलं, सावल्या, गवत, धुकं, शेवटी डोंगर पिठाच्या ढिगासारखे दिसायला लागले. कधी दोन दिवस काही व्हायचं नाही, म्हणून वाटायचं जमलं. तिसऱ्या दिवशी एका संध्याकाळी चार वेळा.

बाबांना ते आईकडून कळलं. त्यांनी कॉम्प्युटर उचलून जुन्या पनवेलमधल्या एका दुकानात नेला. दुकानदार तिशीतला होता, शर्टाच्या खिशात दोन स्क्रू-ड्रायव्हर. मी सोबत गेले होते. तो सगळे प्रश्न बाबांना विचारायचा आणि बाबांना माहीत नसलेल्या प्रश्नांची उत्तरंही बाबांकडूनच घ्यायचा. मी एकदा म्हटलं की, कॉम्प्युटर बंद पडत नाही, फक्त ड्रायव्हर पडतो. त्याने माझ्याकडे न बघता बाबांना सांगितलं, ‘काका, गेम टाकला की असंच होतं. फॉरमॅट मारून देतो.’

त्याच्याकडे प्रत्येक आजारावर हे एकच औषध होतं. फॉरमॅट म्हणजे मशीनमधलं सगळं पुसून कोरं करायचं आणि पहिल्यापासून सगळं टाकायचं. माझे जपून ठेवलेले चार महिने, ओलांडलेले सगळे डोंगर, त्यात गेले. मी आधी विचारलं होतं, एक फोल्डर बाजूला काढून ठेवाल का म्हणून. तो म्हणाला होता, हो हो. बाबांची पत्रं मात्र त्याने आठवणीने ठेवली होती.

कॉम्प्युटर दोन दिवस त्याच्या दुकानात गेम लावून चालू ठेवला होता म्हणे. एकदाही पडला नाही. घरी आला, तिसऱ्या संध्याकाळी पडला. परत नेला. दुकानात पुन्हा व्यवस्थित. तीनदा असं झालं, आणि तीनदा फॉरमॅट. तिसऱ्या वेळी दुकानदार पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलला. ‘मॅडम, तुम्ही नेमकं करता काय याच्याशी?’

बाबा हसले. घरी येताना रिक्षात ते हसणं मला खांदा कॉलनी येईपर्यंत ऐकू येत होतं.

मी इंटरनेटवर एका इंग्रजी फोरमवर लिहिलं. तिथे मी बरी बोलू शकायचे. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, कोणीच कोणाला न पाहिलेली, फार नेमके प्रश्न विचारायची. कार्ड किती तापतं, पॉवर सप्लाय कुठल्या बनावटीचा. मी सगळं लिहीत गेले. मग एकाने विचारलं की, कॉम्प्युटर ज्या लाइनवर आहे त्याच लाइनवर घरात आणखी काय चालतं? एखादं जड यंत्र, एसी, पंप?

मी लिहिलं: पंखा आणि ट्यूबलाइट.

हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण यात माझ्याशिवाय कोणाचा दोष नाही. हजारो मैलांवरच्या त्या माणसाचं आमच्या सोसायटीत घर नव्हतं. तो आमची नळजोडणी तोडणार नव्हता. तरी पंप हा शब्द वाचला आणि माझ्या बोटांनी आपणहून ‘नाही’ म्हटलं. मी खोटं बोलतेय असं मला वाटलंसुद्धा नाही. आमच्याकडे मोटर नव्हती. जिन्यात इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की, माझ्यापुरती ती खरोखरच नव्हती.

तो माणूस म्हणाला, मग विजेचा प्रश्न दिसत नाही. बाकीचेही गप्प झाले.

त्या आठवड्यात बाबांनी निकाल दिला. जेवताना, आमटी वाढून घेता घेता. कॉम्प्युटर गावी काकाकडे जाईल. त्याचा मुलगा दहावीत आहे, त्याला उपयोग होईल. इथे नुसतं बिघडवायचं काम चाललंय. मी म्हटलं, मी बिघडवलेला नाही. बाबा म्हणाले, ‘दुकानात चालतो, तुझ्याकडे चालत नाही. मग कोण बिघडवतं? आई?’

आई म्हणाली, जेवा आता.

मी बाबांकडे एकच मागितलं. दुकानदाराने एकदा घरी यावं आणि संध्याकाळी इथे बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. बाबा कबूल झाले. मला वाटतं, मी तोंडावर पडलेली त्यांना बघायची होती.

तो सव्वापाचला आला. मी गेम लावला आणि बाजूच्या स्टुलावर बसले. तो माझ्या खुर्चीत बसून माझ्या डोंगरांत सैरावैरा धावत सुटला, दिसेल त्याच्यावर बाण सोडत. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. आईने चहा दिला. सहा झाले. मी आयुष्यात एखादी गोष्ट मोडावी म्हणून इतक्या आतुरतेने वाट पाहिली नव्हती. सव्वासहा झाले. काहीही झालं नाही. बाबा त्या दिवशी लवकर आले होते, ते दारात उभे होते.

दुकानदार उठला. ‘काका, मशीन एकदम ओके आहे. कॉम्प्युटरला पण माणसं ओळखता येत असतील.’ दोघंही हसले. चपला घालताना तो मला म्हणाला, ‘मॅडम, जरा प्रेमाने वापरा.’

त्याच्या मागे दार लागलं आणि आई स्वयंपाकघरातून त्रासून म्हणाली, ‘हा मेला बरोबर पाण्याच्या वेळेला येऊन बसला. टाकी रिकामीच राहिली आज.’

मी स्टुलावर तशीच बसून राहिले. माझी खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये एकच भिंत. मोटरचं बटण त्या बाजूला, माझा बोर्ड या बाजूला. यूपीएसची बॅटरी गेल्यापासून कॉम्प्युटर थेट बोर्डाला लावलेला. बाहेरचा माणूस घरात असला की मोटर नाही. बाहेरचा माणूस असला की कॉम्प्युटर पडत नाही. दुकानात मोटर नाही. सुट्टीच्या दुपारी मोटर नाही. मला हसू आलं नाही. मला स्वतःची किळस आली.

पुढचे तीन दिवस मी नुसतं ऐकलं. हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढतो. टब फरशीवर घासतो. भिंतीतून मोटरचा घुमणारा आवाज सुरू होतो, माझा पंखा क्षणभर मंदावतो, आणि स्क्रीन काळी. दर वेळी नाही, पण चारातून तीनदा. मोटर सुरू होताना एकदम वीज ओढते, त्या क्षणी लाइनचा दाब पडतो, आणि गेम चालवताना आधीच दमलेल्या कार्डाला तेवढं पुरतं. पत्रं टाइप करताना कार्डाला काही कामच नसतं, म्हणून बाबांच्या नोटिशी कधी अडल्या नाहीत.

आधी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘हे यांना सांगू नकोस. उद्या मोटर काढली तर पाणी कोण आणेल खालून? तू?’

बाबांनाही सांगितलं. साडेपाच ते सव्वासहा मी गेमला हात लावणार नाही, मग तो कधीच पडणार नाही, इतकंच. बाबा म्हणाले, मोटरचा आणि त्याचा काही संबंध नाही, असता तर दुकानदाराने सांगितलं नसतं का? मी म्हटलं, त्याला मोटर आहे हे माहीत नाही, मी उद्या जाऊन सांगते. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

‘मोटर हा शब्द या घराबाहेर गेला तर बघ.’

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं की त्यांना पटलं होतं. माझं म्हणणं त्यांना पहिल्याच वाक्याला पटलं होतं. कॉम्प्युटर त्यासाठीच जाणार होता आता.

रविवारी संध्याकाळी काका आले. आमचं गाव कर्नाळ्याच्या बाजूला, हायवेपासून आत. काका तिथेच शेती करतात, दाराशी विहीर आहे. मुलाला आणलं नव्हतं, टेम्पो मात्र मित्राचा आणला होता. चहा झाला. काका माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, ‘काय गो, द्यायचा का नाय मनापासून? नाय तर र्‍हाऊ दे.’

मी म्हटलं, ‘काका, पाच मिनिटं इथे बसा.’

पावणेसहा झाले होते. आई दोनदा बाथरूमकडे बघून बाबांकडे बघत होती आणि बाबा मानेनेच नाही म्हणत होते. सख्ख्या भावालाही ती मोटर माहीत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी गेम लावला. काका कौतुकाने बर्फ बघत राहिले. बाबा दारात होते. मी उठले, त्यांच्या बाजूने निघून बाथरूममध्ये गेले, टब उचलून भिंतीला टेकवला आणि बटण दाबलं. टीव्हीचा आवाज मी वाढवला नाही. इतकी वर्षं ती मोटर कधी एवढ्या उघड्यावर वाजली नव्हती. सगळं घर थरथरल्यासारखं वाटलं.

खोलीतून काका म्हणाले, ‘अगो, ह्यो काला पडला ना एकदम.’

मी मोटर बंद केली. परत आले, गेम पुन्हा लावला, तो बर्फापर्यंत पोचू दिला, पुन्हा गेले, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काळा. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, पण मी उठले. तेव्हा बाबांनी हात आडवा घातला.

काका बाबांकडे बघत होते. ‘दादा, तुमच्याकडं मोटर हाय?’

‘जुनी आहे,’ बाबा म्हणाले. ‘बंदच असते.’

काका मोठ्याने हसले. ‘आन् आमाला फोनवर सांगतोस, पानी नाय, पानी नाय.’ त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना ती खरंच गंमत वाटली. पण बाबा धाकट्या भावासमोर तसे उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. आई माझ्याकडे आली नाही, त्यांच्याकडेही गेली नाही. ती बाथरूममध्ये गेली आणि टब पुन्हा उलटा घातल्याचा आवाज आला.

मला वाटलं होतं, सिद्ध झालं की संपलं. गेले काही महिने मी कारण शोधत होते आणि ते सापडल्यावर काय होईल याचा विचार केला नव्हता. बाबा खाली वाकले आणि बोर्डातून पिन उपटली. कॉम्प्युटर चालू असतानाच. मग एकेक वायर.

काका म्हणाले, ‘दादा, पोरीचा हाय तर र्‍हाऊ दे. तिचं खरं हाय.’

‘घेऊन जा,’ बाबा म्हणाले. ‘नाहीतर मी खाली फेकतो.’

काकांनी नेला. टेम्पोत ठेवताना त्यांनी त्याच्याभोवती आपला टॉवेल गुंडाळला. कार्ड आतच होतं. ते काढून घ्यावं असं मला सुचलं तेव्हा टेम्पो कोपऱ्यावरून वळला होता.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. कॉम्प्युटर एकदाही पडला नव्हता, पोरगा दिवसभर तेच खेळतोय. बाबांनी फोन ठेवला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने आईला म्हणाले, ‘बघ. वापरणाऱ्यावर असतं.’ आईने त्यांना भात वाढला.

एप्रिलमध्ये पाणी आणखी कमी झालं. संध्याकाळचं पाणी जेमतेम वीस मिनिटांवर आलं, आणि कमिटीने ठरवलं की नवी नोटीस लावायची. बाबांनी माझ्यासमोर कोरा कागद आणि स्केचपेन ठेवलं. जुन्या नोटिशीसारखंच लिही, म्हणाले, फक्त मोठ्या अक्षरात.

मी म्हटलं, ‘तुम्हीच लिहा.’

आमच्या घरात असं वाक्य मी आधी बोलले नव्हते.  बाबा कागद घेऊन डायनिंग टेबलाशी बसले आणि स्वतःच्या हाताने, पट्टीने रेघा आखून, सगळी नोटीस लिहिली. त्यांचं अक्षर माझ्या टाइपिंगपेक्षा फार सुंदर होतं. ‘मोटर’ खाली दोन रेघा होत्या. लिहून होईपर्यंत साडेपाच झाले, आणि आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मला कॉलेजमधून यायला उशीर झाला, साडेपाच वाजून गेले होते. वरच्या काकू रिकामी बादली हातात घेऊन जिन्यात ती नोटीस वाचत थांबल्या होत्या. वर आमच्या दारामागे मालिकेतल्या बायका एकमेकींवर ओरडत होत्या. मला पाहून काकूंनी नेहमीसारखं विचारलं, ‘तुमच्याकडे आलं का गं पाणी?’

‘आलंय, काकू,’ मी म्हटलं. ‘आमच्याकडे रोज येतं.’

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नोटिशीखालच्या सहीकडे. बादली खाली ठेवली. मी किल्ली काढली, जिना चढले आणि आमचं दार सताड उघडलं.